मामाचं बोट

मामाचा आवाज ऐकला की भांडून आलेला माणूससुद्धा निवांत बसायचा, असं लोक म्हणत, आणि मामा त्याला कधी हरकत घेत नसे. रेडिओवर दर आठवड्याला त्याचा कार्यक्रम असे, ‘जरा बसा’. त्यात कुणी मोठं नाव कमावलेलं माणूस नसायचं. एखादा पोस्टमन, एखादी सुईण, आगगाडीचा निवृत्त गार्ड, असं कुणीतरी समोर बसवायचं आणि ‘हं, मग?’ एवढ्याच शब्दांवर त्याच्या पोटातलं सगळं बाहेर काढायचं. शेवटी मामा ‘बरं, उठतो आता’ म्हणे, की लगेच बातम्यांची घंटा वाजे. मधे श्वास घ्यायलाही जागा नसे. त्यावर लोक घड्याळं लावत, आणि हे कुणी सांगितलं की मामाची छाती शर्टाची बटणं ताणायची.

मामा हे नाव पडलं भाचीमुळे. थोरल्या बहिणीची ही मुलगी लहानपणी एकदा स्टुडिओत आली आणि कार्यक्रम ऐन रंगात असताना, घरोघरी ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, ‘मामा, मला शू लागलीय’ म्हणाली. तेव्हापासून तो एकजात सगळ्यांचा मामा झाला. आजोबांच्या वयाची माणसंसुद्धा त्याला रस्त्यात थांबवून मामा म्हणू लागली.

आता त्या घड्याळाची गंमत सांगायला हवी. बोलणारा माणूस काही बातम्यांची वेळ विचारून रडत नाही. सुईण ऐन भरात आलेली असते, गार्डाचा गळा दाटलेला असतो आणि भिंतीवरचा काटा तर पुढे सरकत असतो. मामाने त्यावर तोडगा काढला होता. स्टुडिओच्या जाड काचेपलीकडे यंत्रं सांभाळणारे एक गृहस्थ बसत, त्यांना सगळे काचवाले म्हणत. मामा तोंडाने ‘हं, मग?’ म्हणत राही आणि टेबलाच्या कडेशी उजव्या हाताचं एक बोट हवेत गोल गोल फिरवी. म्हणजे, आवरतं घेऊ, सुरावट सोडा. काचवाले शेवटची सुरावट हळूच सुरू करत. ती कानावर पडली की बोलणारा आपोआप थांबे. त्याला वाटे, वेळच झाली, कोण काय करणार.

पाहुण्याला बोट दिसण्याचा प्रश्न नव्हता. मधे मायक्रोफोनचा हा भलामोठा ठोकळा, आणि वर दिवाही मंद. तोंड पाहुण्याचं, हात काचवाल्यांचा, अशी सरळ वाटणी होती. वीसेक वर्षांत ती इतकी अंगवळणी पडली, की बोट फिरतंय हे मामाला स्वतःलाही कळेनासं झालं. लबाडी म्हणावी तर तेवढी अक्कलही त्यात खर्च होत नव्हती. शिवणयंत्रावर शिंप्याचा पाय हलावा तसं ते बोट हलायचं.

मग टीव्ही आला. रेडिओवरची निम्मी मंडळी धास्तावली, कारण आवाज गोड असला तरी तोंड दाखवण्याजोगं असेलच असं नाही. मामाचं तोंड बरं होतं. गोल, प्रेमळ, थोडं टक्कल. त्याला बोलावणं आलं आणि ‘जरा बसा’ पडद्यावर गेलं. तेव्हा सगळं थेट चालायचं. बोललं ते गेलं, दिसलं ते दिसलं, मागे घ्यायची सोय नव्हती.

स्वतःच्या घरी टीव्ही घेण्याआधी मामाने ताईला घेऊन दिला. ताई म्हणजे ती थोरली बहीण. आई गेली तेव्हा मामाला धड बूट बांधता येत नव्हते. बूट बांधण्यापासून चारचौघांत बोलण्यापर्यंत सगळं त्याला ताईने शिकवलं. रेडिओत चिकटला तेव्हा ‘तोंड उघडून बोल, दातांतल्या दातांत पुटपुटू नकोस’ ही ताकीदही तिचीच. भाची लग्न होऊन दूर गेली होती, भाऊजी वारले होते, त्यामुळे ताई त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटी राहायची आणि मामा, मामी तिसऱ्या मजल्यावर. कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. शेजारपाजारचे सगळे टीव्हीसमोर येऊन बसत, आणि ताई मागे भिंतीला टेकून उभी राही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिने चढून वर येई आणि निकाल देई. ‘कॉलर एका बाजूला वर होती.’ ‘त्या माणसाला पाणी विचारायचं राहिलं.’ मामाला वरिष्ठांच्या पत्रापेक्षा त्या निकालाची धास्ती जास्त असे.

पहिले काही कार्यक्रम मामाचे जरा अवघडलेलेच गेले. तोंडाला पावडर, डोळ्यांत दिवे, आणि कुठल्या कॅमेऱ्याकडे बघायचं ते कळेना. ‘तुम्ही नेहमीसारखे बोला, बाकी आमच्यावर सोडा,’ असं दिग्दर्शकाने दहादा सांगितलं. मामा दोन्ही हात मांडीवर दाबून, फोटो काढायला बसल्यासारखा बसे. हळूहळू सराव झाला. खुर्ची ओळखीची वाटू लागली, दिव्यांचा विसर पडू लागला. एके दिवशी तर त्याला चक्क रेडिओवर बसल्यासारखं वाटलं, आणि घोटाळा झाला तो त्याच दिवशी.

पाहुणी एक म्हातारी होती. तिचा मुलगा जहाजावर कामाला गेला तो परत आला नव्हता. बाई थांबत थांबत बोलायची. एक वाक्य बोलून हातातला रुमाल उलगडायची, मग पुन्हा घडी घालायची, मग पुढचं वाक्य. जहाजाचं सांगून झालं, कंपनीच्या माणसाचं सांगून झालं. मग म्हणाली, “तो निघाला त्या सकाळी मी त्याच्यावर फार चिडले होते.”

मामा पुढे झुकला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खरोखर भरून आले होते, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. त्या जगप्रसिद्ध आवाजात तो म्हणाला, “सावकाश सांगा, आई. काही घाई नाही. आपल्याकडे वेळच वेळ आहे.”

आणि खुर्चीच्या हातावर त्याचं बोट गोल गोल फिरत होतं.

इथे मधे ठोकळा नव्हता, की मंद दिवा नव्हता. बोटाची वाट बघणारे काचवाले तर केव्हाच घरी बसले होते. कॅमेरा दोघांनाही एकत्र दाखवत होता. दिग्दर्शक आत आपल्या खोलीत आ वासून बघत राहिला. चित्र बदलायचं त्याला सुचलंच नाही. मामांना बोटाचा काही विकार असावा असं वाटलं, असं तो नंतर म्हणाला. म्हातारीने बोट पाहिलं. मग मामाच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा बोटाकडे.

“बरं, बरं. थांबते हं मी,” ती म्हणाली. रुमालाची घडी घालून तिने तो पिशवीत ठेवला.

“हं, मग?” मामा म्हणाला. सवयच ती.

“मग काही नाही. झालं.”

भिंतीवरच्या घड्याळात अजून वेळ शिल्लक होता. वाजायला सुरावट नव्हती. दोघं समोरासमोर बसून राहिली आणि ते बसणं घरोघरी दिसत राहिलं. शेवटी मामाने ‘बरं, उठतो आता’ म्हटलं. ते त्याचं पहिलंच ‘उठतो’ असेल की ज्याच्यावर कुणी घड्याळ लावलं नाही.

बाई अशी मधेच का थांबली, ते मामाला खरंच कळलं नव्हतं. पावडर पुसणाऱ्याने ते सांगितलं. बोलला काहीच नाही, नुसतं आपलं बोट फिरवून दाखवलं. तोंड अर्धं पुसलेलं तसाच तो बाहेर धावला. म्हातारी फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी होती. मामा काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “मी फार लांबवलं ना हो? मला तुमच्याकडचं काही कळत नाही.” त्याने तिची माफी मागितली, तर ती अधिकच ओशाळली. त्या सकाळी मुलावर चिडल्यावर पुढे काय झालं, ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायला मामाला तोंड राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये कंडक्टरने त्याला ओळखलं. तिकीट देता देता बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘चला मामा, आवरा.’ बसभर हशा पिकला. मामाही हसला, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. न्हाव्याकडे गेला तर न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवून तीच नक्कल करून दाखवली, पुन्हा वर ‘राग नाही ना आला?’ असंही विचारलं. आठवड्याभरात गावात कुणी फार बोलायला लागलं की समोरचा बोट फिरवू लागला. नवरे बायकांपुढे फिरवत, बायका सासवांच्या पाठीमागे.

केंद्रप्रमुखांनी बोलावलं तेव्हा मामा नोकरी गेली असंच धरून गेला. ते मात्र खुशीत होते. म्हणाले, एवढी चर्चा आजवर एकाही कार्यक्रमाची झाली नाही. पुढच्या वेळी मुद्दाम फिरवा, पाहुणाही हसेल, लोक डोक्यावर घेतील. मामा ‘बघतो’ म्हणून बाहेर आला आणि जिन्यात कठड्याला धरून उभा राहिला. हाकलून दिलं असतं तर सोसलं असतं. हे पाठ थोपटणं मात्र त्याला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

हसणाऱ्यांचं त्याला एवढं वाटत नव्हतं. त्याचा जीव अडकला होता न हसणाऱ्यांत. वीसेक वर्षांत समोर बसून गेलेली ती सगळी माणसं. तो गार्ड, ती सुईण. आता तेही घरी बसून हिशेब लावत असणार, की आपलं बोलणं ऐन कुठे आलं होतं आणि सुरावट कुठे वाजली. मामा स्वतः आठवायला बसला. गार्डाच्या गाडीखाली कुणीतरी आलं होतं. कोण? सुईणीने एका बाईचं मूल दुसरीच्या कुशीत ठेवलं होतं. पुढे? त्याला एकही शेवट आठवेना. आठवणार कसा, शेवट चालू असताना तो घड्याळाकडे बघत असे. लोक म्हणत, मामासारखा ऐकणारा माणूस नाही. ते आठवलं की त्याला जमिनीने पोटात घ्यावं असं होई.

आणि ताई आली नव्हती. त्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या सकाळी नाही, तिसऱ्या सकाळी नाही. तिच्या खोलीत त्या दिवशी नेहमीसारखी गर्दी होती, हे मामाला ठाऊक होतं. इतक्या जणांदेखत भावाचं बोट बघून ती भिंतीशी कशी उभी राहिली असेल, हे त्याच्या डोक्यातून जाईना. तिच्या दारावरून जायला नको म्हणून तो कचऱ्याच्या डब्यांजवळच्या मागच्या जिन्याने ये-जा करू लागला. मामीने चार दिवस हे पाहिलं.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, “अहो, मागच्या जिन्याने दूधवाला जातो, नाहीतर चोर. तुम्ही दोघांपैकी कोण?”

ताई काही म्हणाली का, एवढंच मामाने विचारलं.

“काहीसुद्धा म्हणाल्या नाहीत. म्हणून तर जाऊन या म्हणतेय.”

मागचा जिना धरण्याचं आणखी एक कारण होतं, ते मामीला माहीत नव्हतं. भाऊजी गेले त्या वर्षी मामाने ताईलाही ‘जरा बसा’मध्ये बसवलं होतं. आपल्या बहिणीचं दुःख लोकांपुढे यावं असं काही त्याच्या मनात नव्हतं. ठरलेला पाहुणा आजारी पडला, खुर्ची रिकामी राहत होती, म्हणून तिला बोलावलं. ती ठेवणीतले कपडे घालून आली. रेडिओवर कपडे दिसत नाहीत, हे तिला काय माहीत नव्हतं? तरी आली. भाऊजी छापखान्यात उलट्या अक्षरांचे खिळे कसे जुळवायचे, घरातल्या पाट्यासुद्धा उलट्या कशा वाचायचे, ते तिने सांगितलं. मामा मधून मधून हसला, मधून मधून गहिवरला. मग ती म्हणाली, ‘आता त्यांच्या शेवटच्या दिवसाचं एक सांगते,’ आणि सुरावट वाजली. त्या संध्याकाळी काचवाल्यांसोबत चहा पिताना मामा ऐटीत म्हणाला होता, ‘घरचं माणूस असलं तरी वेळ म्हणजे वेळ.’ बाकी सगळे शेवट तो विसरला होता. हे एक वाक्य मात्र आता त्याच्या कानातून निघत नव्हतं.

रविवारी दुपारी तो पुढच्या जिन्याने खाली उतरला. ताईचं दार उघडंच होतं. ती खिडकीशी बसून उसवलेला गाऊन शिवत होती. टीव्हीवर तिने चादर टाकली होती, नीट चारी बाजूंनी खोचून. ‘ये,’ म्हणाली, ‘चहा टाकू का?’ मामाने नको म्हटलं. मग दोघंही पाण्याच्या टाकीबद्दल बोलली, भाचीच्या मुलाच्या दातांबद्दल बोलली. त्या म्हातारीचा पत्ता आहे का तुझ्याकडे, असं ताईने विचारलं. आहे म्हणाला. ‘मग जाऊन ये एकदा. कॅमेरा न नेता.’ मामाने मान डोलावली. आता सुटलो, असं त्याला क्षणभर वाटलं.

ताईने सुई गाऊनमध्ये खोचून ठेवली.

“माझ्या वेळी पण फिरवलं होतंस का रे बोट?”

“छे गं, ताई,” मामा म्हणाला. “तुझ्या वेळी कसं फिरवीन मी?”

आवाज कसा भरदार निघाला. उबदार, किंचित ओला, जिथे हवा तिथे दाटलेला. वीस वर्षं लोकांनी जिवाला लावला तोच. मामाने तो स्वतःच ऐकला आणि त्याची मान खाली गेली.

“हा आवाज नको,” ताई म्हणाली. “हा मला रेडिओवर मिळायचा. घरच्या आवाजात सांग.”

घरचा आवाज शोधायला मामाला वेळ लागला. सापडला तो घोगरा आणि बारीक होता.

“फिरवलं होतं.”

ताईने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, लहानपणी ती रागावून मोकळी व्हायची आणि मग जेवायला वाढायची.

“मला वाटलं, ती सुरावट आपली आपण वाजते,” ती म्हणाली. “घंटेसारखी. घरी येऊन मलाच मेलं चुकल्यासारखं वाटलं, आपण फार पाल्हाळ लावलं म्हणून. असो. माझं एक सांगायचं राहिलं होतं त्या दिवशी. आता ऐकतोस?”

“सांग ना.”

“यांचं शेवटचं दुखणं. आम्ही तेव्हा टेकाडावरच्या घरात राहायचो. गाडी वर येत नव्हती, पायऱ्याच पायऱ्या. तू पहाटे आलास आणि यांना पाठीवर घेतलंस. दवाखान्याचे लोक झोळी आणतो म्हणाले, तर तू थांबला नाहीस. वाटेत यांना ओकारी झाली, सगळी तुझ्या मानेवरून खाली. तू पुसलंसुद्धा नाहीस. एरवी तुझं तोंड म्हणून बंद नसतं, आणि त्या दिवशी खाली पोचेपर्यंत एक अक्षर बोलला नाहीस. मी मागून चपला हातात घेऊन येत होते. तेव्हा माझ्या मनात आलं, हा आतूनसुद्धा खरा आहे.”

मामाच्या डोळ्यांपुढे ती पहाट उभी राहिली. भाऊजींचं वजन, घशातली ती घरघर. त्या दिवशी त्याने घड्याळाकडे पाहिलं नव्हतं, एकदाही नाही. ते खरं होतं, ताई, तेवढं तरी खरं होतं, असं त्याला सांगायचं होतं. पण ते आता कुठल्या आवाजात सांगायचं आणि तिने ते का मानायचं, हे त्याला कळेना.

“हे मी त्या दिवशी रेडिओवर सांगणार होते,” ताई म्हणाली. “घरून पाठ करून आले होते. म्हणणार होते, तुम्ही ऐकता ना, तसाच आहे हा घरी. अगदी तस्साच.”

तिने सुई पुन्हा हातात घेतली, उजेडाकडे धरून दोरा किती उरलाय ते बघितलं.

“बरं झालं, राहिलं ते.”